काळी, पांढरी आणि पायाखालची जमीन

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नांवाचें एक स्थानक लागतें. नृसिंहाच्या जुन्या देवस्थानामुळें पोखर्णीचें नांव पंचक्रोशींत सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु प्रस्तुत भाषणाचा विषय त्या गांवाचा देव नसून त्या भागांतील माती हा आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतील हा मुलूख काळ्या मातीचा. वैशाखांत या मातीस भेगा पडतात त्या अशा कीं, त्यांत माणसाचा हात सहज शिरावा. आणि पावसाळा लागला कीं त्याच भेगा मिटतात, माती फुगते आणि बैलाचा खूर धरून बसते. शेतकऱ्यास यांत नवल वाटत नाहीं. ओलावा धरून ठेवण्याच्या ज्या गुणावर त्याची ज्वारी आणि कापूस येतो, त्याच गुणाची ही दुसरी बाजू होय. मात्र या मातीवर भिंत उभी करावयाचें ठरलें म्हणजे तोच गुण अवगुण ठरतो. दरसाल एकदां फुगणाऱ्या आणि एकदां आक्रसणाऱ्या जमिनीवर न हलणारें घर कसें उभें करावें, हा प्रश्न या प्रदेशांत वस्तीइतकाच जुना आहे. आणि पाया घालण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा करण्याचा इतिहास येथें त्या प्रश्नापासूनच सुरू होतो.

त्या इतिहासाचें पहिलें पान खुद्द मराठी भाषेंत आहे. आपल्याकडे गांवच्या जमिनीचे दोन भाग मानीत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. वतनाच्या व महसुलाच्या जुन्या कागदांतून हे दोन शब्द जोडीनें येतात. नांगर कोठें चालवावा आणि चूल कोठें मांडावी, याचा निवाडा ज्या समाजानें मातीच्या रंगावरून केला, त्यानें भूमीची पाहणी केली नव्हती असें कोण म्हणेल? ती कागदावर उतरली नाहीं, ती दोन शब्दांत उतरली, एवढेंच.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. पांढरी ही सर्वस्वीं निवडलेली जमीन नव्हे. कांहीं अंशीं ती घडलेली जमीन आहे. ज्या ठिकाणीं शेंकडों वर्षें माणसें राहिलीं, तेथें पडक्या भिंतींची माती, चुलींतील राख, शेण, चुना आणि मोडकी खापरें यांचे थर साचत गेले. अशी माती भुरकट, भुसभुशीत आणि न फुगणारी बनते. जुन्या वस्तीच्या टेकाडांस खेड्यांतील लोक आजहि पांढरी म्हणतात, आणि पुराणवस्तु शोधणारे पंडित त्या नांवाचा माग घेत तेथें पोंचतात. मराठवाड्यांतील माळवदांवर पसरावयास हीच माती आणीत, कारण पावसानें ती काळीसारखी फुगत नाहीं आणि उन्हानें तशी तडकत नाहीं.

मात्र पांढरीहि डोळे मिटून विश्वास टाकण्याजोगी नाहीं. तिच्या पोटांत जुनीं पेवें असतात. ज्वारी सांठविण्यासाठीं खणलेलीं हीं पेवें वापरांतून गेलीं, कांहीं ढासळलीं, कांहीं केरकचऱ्यानें भरलीं, आणि वरून जमीन सारखी झाली. घराचे तीन कोपरे दाबून बसलेल्या मातीवर आणि चौथा अशा बुजलेल्या पेवावर आला, तर पहिल्या मोठ्या पावसांत तो कोपरा खचतो. म्हणून पांढरींत प्रश्न 'माती कशी आहे' एवढाच नसतो. 'येथें पूर्वीं काय होतें' हा असतो. त्याचें उत्तर कुदळीच्या आधीं गांवांतील म्हाताऱ्यांपाशीं मिळतें.

शास्त्रग्रंथांकडे वळावें तर सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यांत भूमीची परीक्षा सांगितली आहे. घराच्या जागीं मध्यभागीं हातभर खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती त्याच खड्ड्यांत पुन्हां भरावी. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. दुसरी परीक्षा पाण्याची : खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन परत यावें, आणि पाणी कमी झालें नसेल तर भूमि चांगली समजावी. तिसरी परीक्षा वजनाची : ठराविक मापाची माती ठराविक पलें भरली पाहिजे. यांतील पहिली आणि तिसरी परीक्षा मातीची घनता मोजते. दाट बसलेली माती उकरली कीं मोकळी होऊन अधिक जागा व्यापते, म्हणून ती उरते. पोकळ माती पुन्हां भरतांना दाबली जाते, म्हणून ती कमी पडते. पाण्याची परीक्षा जमिनींत पाणी किती झिरपतें तें सांगते. साधनांवांचून केलेल्या या परीक्षा हिणविण्याजोग्या खास नाहींत.

परंतु काळ्या मातीपुढें त्या फसतात. वराहमिहिर अवंतीचा, म्हणजे माळव्याचा, आणि माळवाहि काळ्या मातीचाच देश. तरी या परीक्षांत ऋतूचा हिशेब नाहीं. वैशाखांत वाळून दगडासारखी झालेली काळी माती उकरली तर तिचीं ढेकळें खड्ड्यांत मावणार नाहींत. ग्रंथाच्या शब्दांत भूमि उत्तम! त्याच दिवशीं खड्ड्यांत पाणी ओतलें तर तें भेगांतून नाहींसें होईल, म्हणजे भूमि वाईट. भाद्रपदांत हीच माती पाणी थेंबभर झिरपूं देणार नाहीं, म्हणजे पुन्हां चांगली. एकाच जागेला तीन उत्तरें मिळतात, आणि खरा दोष, म्हणजे मातीचें फुगणें, तिन्हींत सांपडत नाहीं. त्याच अध्यायांत पांढरी, तांबडी, पिवळी आणि काळी अशा चार रंगांच्या भूमि चार वर्णांस क्रमानें वांटून दिल्या आहेत. ही वांटणी मातीच्या गुणावर नव्हे, समाजाच्या उतरंडीवर बसविलेली आहे हें उघड दिसतें. गांवकुसाबाहेर ज्यांस राहावें लागलें, त्यांच्या वांट्यास जुन्या पांढरीचा भक्कम थर बहुधा आलाच नाहीं. त्यांच्या भिंतींनीं त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या दिली.

मग या मातींत आहे तरी काय? दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून थरावर थर साचून झाला. तो पाषाण झिजून जी माती झाली, तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाच्या खनिजाचें प्रमाण मोठें आहे. फ्रान्समधील माँटमोरियों या गांवावरून एकोणिसाव्या शतकांत हें नांव पडलें. या खनिजाचे कण म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या गठ्ठ्या. पाणी मिळालें कीं तें पापुद्र्यांच्या मध्यें शिरून त्यांस दूर सारतें. उन्हानें पाणी निघून गेलें कीं पापुद्रे पुन्हां जवळ येतात. वाळूचा कण ओला झाला तरी आपल्या आकारानेंच राहतो. काळ्या मातीचा कण तसा राहत नाहीं.

घर बांधल्यानें या हालचालीस एक विचित्र वळण लागतें. घराखालची माती उन्हापावसापासून झांकली जाते, म्हणून मध्यभागीं ओलावा जवळजवळ कायम राहतो. कडेची माती मात्र दर पावसाळ्यांत फुगते आणि दर उन्हाळ्यांत आक्रसते. म्हणजे घराचें पोट स्थिर आणि कडा खालींवर होणाऱ्या. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. उन्हाळ्यांत ती रुंदावते, पावसाळ्यांत मिटल्यासारखी दिसते, आणि गवंडी चुना भरून गेला कीं पुढल्या वर्षीं तेथेंच पुन्हां उघडते. न्हाणीचें सांडपाणी एका भिंतीशीं मुरत असेल तर ती भिंत उचलली जाते. भिंतीलगत लिंबाचें झाड वाढलें असेल तर त्याचीं मुळें पाणी ओढतात आणि ती बाजू बसते. यांत जड घरापेक्षां हलकें घर अधिक सांपडतें. एकमजली घराचा भार पायाखालीं दर चौरस मीटरला पांचसहा टनांच्या आंतबाहेर असतो, तर कोंडलेली काळी माती फुगतांना दहा, वीस, कधीं कधीं त्याहूनहि अधिक टनांचा दाब देते. मोठी इमारत आपल्या वजनानें मातीला कांहीं प्रमाणांत दाबून धरते. गरिबाचें दोन खोल्यांचें घर तिच्या पाठीवर तरंगतें. आयुष्याची पुंजी ज्यानें त्या दोन खोल्यांत घातली, त्यासच ही माती सर्वांत महाग पडते.

जुन्या गवंड्यांस खनिजाचें नांव ठाऊक नव्हतें, पण उपाय ठाऊक होता : काळी संपेपर्यंत खणावयाचें आणि मुरूम लागला कीं पाया धरावयाचा. मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला पाषाण. तो फुगत नाहीं. कोठें तो हातभर खोलीवर लागतो, कोठें तीन पुरुष खणूनहि लागत नाहीं. तो कोठें लागेल हें जाणण्याची त्यांची युक्ति साधी होती. गांवच्या विहिरींत डोकावावें. न बांधलेल्या विहिरीच्या कडेवर काळी किती हात, तिच्याखालीं चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती किती, मुरूम कोठें आणि पाषाण कोठें, हें पुस्तकाच्या पानासारखें दिसतें. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें असें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत बजावलें आहे. तेथें पाणी हवें म्हणून पाहावयाचें. काळ्या मातीच्या देशांतील गवंडी विहिरींत पाहतो तो पाण्यासाठीं नव्हे, पाण्याभोंवतालच्या थरांसाठीं. जोत्यांत भरावासाठीं काळी न वापरतां मुरूम आणून चोपण्याची जी रीत होती, तिचें शास्त्रीय कारण पुढें प्रयोगशाळेंत सांपडावयाचें होतें.

ही जुनी घडी विसाव्या शतकांत मोडली. वस्ती पांढरी सोडून काळींत उतरली. रेल्वे आली, तिचीं स्थानकें आणि चाळी गांवाबाहेर शेतांत झाल्या. शाळा, दवाखाने, बाजार समित्या, वसाहती यांस गांवठाणांत जागा नव्हती. १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें. जायकवाडीच्या धरणाचें काम १९६५ सालीं सुरू होऊन १९७६ सालीं त्याचें उद्घाटन झालें आणि त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यांत आला. त्यामुळें जी काळी जमीन पूर्वीं आठ महिने कोरडी असे, ती कांहीं भागांत ऐन उन्हाळ्यांतहि ओली राहूं लागली. नव्या जागीं बांधणाऱ्यास विचारावयास जुनी विहीर नव्हती आणि म्हातारीं माणसेंहि नव्हतीं. नुसत्या अंदाजानें बांधण्याचे दिवस संपले होते.

अंदाज किती महाग पडतो हें त्यापूर्वींच दूर कॅनडांत दिसून आलें होतें. विनिपेग शहराजवळ ट्रान्सकोना येथें रेल्वे कंपनीनें धान्याचें एक प्रचंड कोठार बांधलें. त्याचें वजनच सुमारें वीस हजार टन. जमिनीची परीक्षा झाली नव्हती असें नाहीं. पायाच्या पातळीवर वजन ठेवून माती तें सोसते कीं नाहीं तें पाहिलें होतें, आणि वरचा थर कडक असल्यानें तिनें तें सोसलें. ऑक्टोबर १९१३ मध्यें कोठारांत धान्य भरलें जात असतां तें खचूं लागलें आणि एका दिवसाच्या आंत सुमारें सत्तावीस अंशांनीं कललें. वरच्या कडक मातीखालीं मऊ चिकणमाती होती. लहानशा फळीवर ठेवलेल्या वजनाचा ताण त्या मऊ थरापर्यंत पोंचलाच नव्हता. कोठाराच्या रुंद पायाचा मात्र पोंचला. इमारत जितकी रुंद, तितका तिचा भार खोल जातो. कोठार मोडलें नव्हतें, म्हणून पुढें खडकापर्यंत खांब नेऊन तें सरळ करण्यांत आलें आणि वापरांतहि आलें. कालांतरानें, सुमारें चाळीस वर्षांनीं, तेथें खोल भोकें पाडून माती तपासली तेव्हां तिच्या मोजमापांवरून केलेलें गणित आणि घडलेली घटना यांचा मेळ बसला.

मधल्या काळांत मातीचें स्वतंत्र शास्त्र जन्मास आलें होतें. कार्ल टेर्झागी हा ऑस्ट्रियन अभियंता इस्तंबूल येथें शिकवीत असतां साध्या उपकरणांनीं चिकणमाती दाबून पाहत होता; १९२५ सालीं व्हिएन्नांत त्याचा ग्रंथ निघाला. मातीवरचा भार कांहीं तिच्या कणांवर आणि कांहीं त्यांमधील पाण्यावर पडतो, आणि पाणी जसजसें निसटतें तसतशी माती दबते, हें त्याच्या शोधाचें मर्म. काळ्या मातीच्या शेतकऱ्यास हें सूत्र अर्धें तरी ओळखीचें वाटावें.

आपल्या देशांत १९४७ सालीं रुडकी येथें केंद्रीय इमारत संशोधन संस्था निघाली. तेथील संशोधकांनीं काळ्या मातीसाठीं एक खास प्रकारचा खांब प्रचारांत आणला : जमिनींत गिरमिटानें गोल भोंक पाडावयाचें, तळाशीं तें अडीचपट रुंद करावयाचें, आणि सळया घालून कांक्रीट भरावयाचें. वर बारीक दांडा आणि खालीं कांदा असा त्याचा आकार. ऋतूप्रमाणें फुगणारा थर साधारणपणें साडेतीन मीटरांपर्यंत असतो. कांदा त्याच्याखालीं रुतलेला राहतो, म्हणून वरची माती उचलूं लागली तरी खांब उपटला जात नाहीं. भिंत पेलणारी तुळई भुईला न टेंकवितां किंचित् वर ठेवतात. महाराष्ट्रांत नाशिक येथें १९५९ सालीं अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पवईच्या प्रौद्योगिकी संस्थेंत प्रा. आर. के. कट्टी यांनीं फुगणाऱ्या मातीवर दीर्घकाल प्रयोग केले. चिकटपणा असूनहि न फुगणाऱ्या मातीचा सुमारें मीटरभर थर काळीवर नीट चोपून बसविला तर खालच्या मातीचें फुगणें आंवरतें, असें त्यांनीं दाखविलें. आणि तशा मातीच्या जातींत आपला मुरूमहि बसतो. गवंड्याच्या जोत्यांतील मुरुमाच्या भरावाचें कारण तें हेंच.

१९६२ सालीं भारतीय मानक संस्थेनें पायासाठीं जमिनीची पाहणी कशी करावी याची संहिता काढली. सुमारें एकरभर जागेवरील आटोपशीर इमारतीसाठीं चार कोपऱ्यांस चार आणि मध्यें एक अशीं भोकें किंवा खड्डे घ्यावे, लहान घरास मध्यभागीं एकहि चालेल. आणि खोली पायाच्या रुंदीच्या निदान दीडपट, पायाच्या तळापासून मोजून, अशी तिची सर्वसाधारण शिकवण. ट्रान्सकोनाचा धडा त्या दीडपटींत आहे. भोंकांत पोकळ नळी उतरवून तिच्यावर साडेत्रेसष्ट किलोग्रॅमचा घण पाऊण मीटरावरून सोडतात. पहिल्या पंधरा सेंटिमीटरांचे ठोके हिशेबांत धरीत नाहींत; पुढील तीस सेंटिमीटर नळी शिरावयास जितके ठोके लागले, तो आंकडा जमिनीच्या कडकपणाचें माप. पातळ नळीनें काढलेले न विस्कटलेले नमुने मेण लावून बंद करतात, म्हणजे वाटेंत ओलावा उडूं नये.

तरीहि काळ्या मातीच्या मुलखांत केवळ ठोक्यांवर भिस्त ठेवून चालत नाहीं. उन्हाळ्यांत वाळलेली काळी एवढी कडक होते कीं ठोक्यांचा आंकडा भला मोठा येतो, आणि पावसाळ्यांत तोच आंकडा उतरतो. वराहमिहिराच्या खड्ड्यास जें फसवितें तेंच यंत्रासहि फसवितें. त्यासाठीं एक फार स्वस्त परीक्षा आहे. कोरड्या मातीची बारीक पूड करून तिचे दहा ग्रॅमचे दोन भाग घ्यावे, आंकडे कोरलेल्या दोन कांचनळ्यांत घालावे, एकींत पाणी आणि दुसरींत रॉकेल भरावें, आणि चोवीस तास ठेवावें. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते. दोन्ही उंचींतील फरक शेंकड्यांत मांडला कीं माती किती फुगणारी आहे याचा अंदाज येतो. ज्या शाळेंत विज्ञानाचें कपाट आहे, त्या शाळेंत ही परीक्षा करतां येईल.

आणखी एक फसगत या पाषाणाची स्वतःची आहे. तो झिजतो तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा, आणि आंत घट्ट गोटे शिल्लक राहतात. भोंक पाडतां पाडतां असा गोटा लागला कीं खडक लागला असें वाटतें. म्हणून खडक लागल्यावरहि दोनतीन मीटर खोल जाऊन तो खरोखरच सलग आहे याची खात्री करतात. मोठ्या कामांत, धरणाच्या वा पुलाच्या पायांत, तेवढ्यानेंहि भागत नाहीं. कारण लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें तांबड्या मऊ मातीचा पट्टा दडलेला असूं शकतो, आणि वरचा खडक कितीहि टणक असला तरी तो बसलेला असतो त्या पट्ट्यावर.

या साऱ्या मोजणीची नोंद ज्या कागदावर होते, त्यावर प्रत्येक थराची खोली, रंग आणि ठोके यांबरोबर दोन रकाने असतात : भोंक पाडल्याची तारीख आणि पाण्याची पातळी. पोखर्णीच्या मुलखांत हे दोन रकाने रिकामे ठेवलेला कागद निरुपयोगी समजावा. वैशाखांतील आंकडे आणि भाद्रपदांतील आंकडे हे दोन निरनिराळ्या जमिनींचे आंकडे आहेत. पाहणी संपल्यावर खड्डे तसेच उघडे टाकूं नयेत. त्याच मातीनें थराथरानें चोपून ते भरावे लागतात. उघडा राहिलेला खड्डा पहिल्या पावसांत पाण्यानें भरतो, तें पाणी कडेच्या काळींत शिरतें, आणि ज्या भिंतीच्या रक्षणासाठीं तो खणला, नेमकी तीच भिंत पुढें त्या जागीं तडकते.